मंडळाच्या कपाटातल्या गुहांच्या स्लाइड, फिती, डीव्हीडी: नोंद कशी ठेवावी, दर्जा कसा द्यावा?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगावची. आमचं गिरिभ्रमण आणि गुहा-भटकंतीचं छोटं मंडळ आहे. मंडळाचं एक लोखंडी कपाट बरीच वर्षं एका ज्येष्ठ सभासदांच्या माळ्यावर होतं, ते गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. आत ३५ मिमी स्लाइडच्या पेट्या, त्यांच्याबरोबर वाजवायच्या ऑडिओ कॅसेट, व्हीएचएस, मिनी डीव्ही, डीव्हीडी आणि दोन पेनड्राइव्ह. दीडशेच्या आसपास नग, सगळे गुहांबद्दलचे. सभासदांना, शाळांना, गावोगावच्या वाचनालयांना नेऊन दाखवता यावेत म्हणून लोकांनी प्रेमानं जमवलेले.

सोबत एक नोंदवही आहे. दाखल क्रमांक, नाव, कोणी दिलं, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं काढलेले तारे. पाचपैकी किती ते. ‘मेघालयातील गुहा’ला पाच. चाळीसगावजवळच्या लेण्यांवरच्या ‘पाटणे’ या स्लाइडपेटीला एक. तारे कोणी दिले, का दिले, कधी दिले, काही नाही.

मी त्या ताऱ्यांवर विसंबून शहाद्याकडच्या एका मास्तरांना पाच ताऱ्यांची फीत दिली आणि पेटीत जागा होती म्हणून ‘पाटणे’ही टाकलं. पुढं काय झालं ते मास्तरांनीच लिहावं. पण तेव्हापासून मला वाटतंय की ही सगळी वही नव्यानं लिहायला हवी. कशी लिहू? कोणते रकाने ठेवू? तारे ठेवू की काढू? जाणकारांनी सांगावं, मी एकेक नग बघून भरायला तयार आहे.

सातपुड्याची_शाळा

ताई, मीच तो मास्तर. आमची निवासी शाळा. बहुतेक मुलं पावरा, घरची बोली पावरी, मराठी शाळेतली. फीत होती ५२ मिनिटांची, आमची तासिका ३५ मिनिटांची. निवेदन इंग्रजी. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पांढरे खांब, निळं पाणी, दोरावरून उतरणारी माणसं. दहाव्या मिनिटाला मागची रांग आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी ‘पाटणे’ लावलं. कॅसेट चालतच नव्हती, म्हणजे नुसत्या स्लाइड. ८० खाचांचं चक्र. पितळखोऱ्याकडचा डोंगर, नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी, चंडिकादेवीचं देऊळ, आणि मध्येच कड्याचे थरच थर. आवाज नाही, त्यामुळे बोलायला मी मोकळा. एक मुलगा उठून भिंतीपाशी गेला आणि बेसाल्टच्या थरांवर बोट ठेवून म्हणाला, असा दगड तोरणमाळच्या वाटेवर आहे. मग दुसरा उठला, त्याला मच्छिंद्रनाथाची गुंफा आठवली. एक मोठा मुलगा लहानांना पावरीत सांगायला लागला. जेवणाची घंटा झाली तरी कोणी हलेना. दोन तास चाललं.

तेव्हा माझी एकच मागणी. वहीत एक रकाना असा ठेवा: आवाज बंद करून दाखवता येतं का? माझ्यासारख्याला तोच रकाना सगळ्यात आधी लागतो.

धुळेकर_काका

मी आयुष्य वाचनालयात काढलं, म्हणून चार गोष्टी सांगतो. लांबलं तर माफ करा.

पहिली. जुने दाखल क्रमांक बदलू नका. नवी पद्धत कितीही नीट असली तरी पेटीवर, डबीवर, कोणाच्या जुन्या पावतीवर तोच क्रमांक असतो. तो नगाचा जन्मक्रमांक. नग हरवला तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

दुसरी. नाव पडद्यावरचं घ्या, वेष्टनावरचं नव्हे. वेष्टनं बदलतात, कोणीतरी बॉलपेननं भलतंच लिहिलेलं असतं. फीत लावा, सुरुवातीला जे नाव येतं ते लिहा, आणि वेष्टनावर वेगळं असेल तर ‘वेष्टनावर अमुक’ अशी दुसरी ओळ. लांबीही तशीच, घड्याळ लावून मोजा.

तिसरी, आणि इथं मला जरा तळमळून बोलायचंय. ‘गुहा’ हा एकच विषय लिहून चालणार नाही. आपल्या भाषेत लेणं वेगळं, गुहा वेगळी, कपार वेगळी, भुयार वेगळं. अजिंठा हे लेणं, माणसानं छिन्नीनं कोरलेलं. मेघालयातली क्रेम (खासी भाषेत गुहा) ही गुहा, पाण्यानं चुनखडी विरघळवून केलेली. भामेरच्या डोंगरातल्या खोल्या कोरीव. एखाद्या शाळेनं ‘गुहा कशी तयार होते’ हे मागितलं आणि तुम्ही अजिंठ्याची पेटी दिलीत तर भूगोलाच्या तासाला इतिहास पोचतो. वाचनालयात पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणातही हे दोन वाटांनी जातं: गुहा भूरूप म्हणून ५५१.४४७ आणि गुहेत उतरण्याचा छंद म्हणून ७९६.५२५. तुमच्या कपाटाला आकड्यांची गरज नाही, पण फरक मनात ठेवा.

चौथी. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक, वाचकाचा वेळ वाचवा. मास्तरांची ५२ मिनिटं आणि ३५ मिनिटं हा त्याच नियमाचा प्रश्न आहे.

पायथा

काकांना नमस्कार. पण मी वेगळ्या बाजूनं बोलतो. आमच्या गणेश मंडळात दरवर्षी एक दिवस असं काहीतरी दाखवतो. माझ्याकडे निवडायला पाच मिनिटं असतात. वीस रकाने वाचत बसणार नाही, तारे बघूनच उचलणार. तारे काढलेत तर आमच्यासारखे लोक कपाटापाशी येणारच नाहीत. वापरणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं.

भुसावळ_जंक्शन

पायथा म्हणतोय त्यात तथ्य आहे, पण एका ताऱ्यात तीन गोष्टी कोंबल्यात म्हणून घोळ झालाय. नग चालतो का, चित्र-आवाज कसा आहे, आणि आशय कसा आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न. मी फिती डिजिटल करून देण्याचं काम करतो, त्यामुळे पहिल्या दोनांबद्दल सांगतो. हे आकड्यात देता येतं आणि द्यावंच, कारण ते मोजता येतं.

व्हीएचएस बघताना आधी झाकण उचलून फितीच्या कडेला बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. ती फीत यंत्रात घालू नका. यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक फितीला जाते. आपल्याकडे पावसाळ्यात दमट, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि कपाट माळ्यावर पत्र्याखाली होतं म्हणताय. प्रत्येक फीत उघडून बघा.

अमेरिकेहून कोणी पाठवलेली फीत असेल तर ती तिकडच्या एनटीएससी टीव्ही पद्धतीची असणार, ५२५ रेषांची. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची. आपल्या जुन्या यंत्रात ती लावली की चित्र नाचतं किंवा रंग जातो, आणि कोणीतरी ‘खराब’ असा शेरा मारून मोकळं होतं. तुमच्या वहीतले एका ताऱ्याचे नग एकदा त्यासाठी तपासा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनंही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं, तेव्हा चालू यंत्र हाताशी आहे तोवर उतरवून घ्या. मिनी डीव्हीला संगणकावर तासाला साधारण १३ जीबी जागा धरा.

स्लाइडबरोबरच्या कॅसेटबद्दल महत्त्वाचं. अशा कॅसेटवर बहुधा निवेदनाशिवाय वेगळ्या पट्टीवर १००० हर्ट्झचा संकेत असतो, तो आला की प्रोजेक्टर पुढची स्लाइड टाकतो. नुसता आवाज उतरवलात तर कोणती स्लाइड कोणत्या वाक्याला हे कायमचं जातं. दोन्ही पट्ट्या उतरवा. मास्तर, तुमच्याकडे कॅसेट ‘चालत नव्हती’ म्हणजे नेमकं काय होत होतं?

सातपुड्याची_शाळा

चालू केली की फक्त टूं, टूं असा आवाज यायचा, मध्ये मध्ये शांतता.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे कॅसेट चांगली आहे! तुमचं यंत्र संकेताची पट्टी वाजवत होतं. निवेदन दुसऱ्या पट्टीवर सापडेल. ताई, ती माझ्याकडे पाठवा, पैसे नकोत.

वाघूरकाठ

अंगावर काटा आला वाचून. त्या कॅसेटवर आमच्या मंडळाच्या पहिल्या पिढीतल्या कोणाचा तरी आवाज असणार. उद्याच पाठवते.

पंखांची_सावली

मी चाळीसगाव भागात वटवाघळांच्या नोंदी ठेवते. दोन विनंत्या.

एक, ठिकाणाबद्दल. अजिंठा, पितळखोरा, पाटणे यांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे, तो लिहा. पण सभासदांनी स्वतः चित्रित केलेल्या नैसर्गिक गुहा आणि कपारी असतील तर वहीत तालुका पुरे. वाट, खुणा, नकाशा लिहू नका, आणि फितीत वाट दिसत असेल तर तशी नोंद करून ती फक्त सभासदांना द्या. राऊटनचं वटवाघूळ फार वर्षं बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतूनच माहीत होतं. अख्खी जात एका गुहेवर! तिथं माणसांची जत्रा सुरू झाली असती तर काय उरलं असतं? पिल्लांच्या दिवसांत वीस माणसं बॅटऱ्या घेऊन आत शिरली तरी माद्या जागा सोडतात आणि पिल्लं खाली पडतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

दोन, निर्मितीचं वर्ष न चुकता लिहा. उत्तर अमेरिकेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येणारा रोग २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा दिसला आणि नंतर लक्षावधी वटवाघळं मेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी एका गुहेतला चिखल दुसऱ्या गुहेत न्यायचा नाही, कपडे आणि दोर निर्जंतुक करायचे, ही शिस्त लावून घेतली. त्याआधीच्या फितींमध्ये माणसं चिखलानं माखलेल्या कपड्यांनिशी या गुहेतून त्या गुहेत जाताना दिसतील. बघणाऱ्याला वाटतं, असंच करायचं असतं. तो रोग आपल्याकडचा नाही, पण सवय कशाला लावायची?

आणि वटवाघळांना नुसतं रोगाचं घर म्हणून दाखवणारं काही असेल तर त्यावर ‘आधी-नंतर बोलल्याशिवाय दाखवू नये’ असं स्पष्ट लिहा. असं काहीतरी बघून आलेल्या पोरांनी देवळाच्या शिखरातल्या वटवाघळांवर दगड मारलेले मी पाहिलेत.

चढउतार

ताईंच्या म्हणण्याला जोडून. मी दोरकाम शिकवतो. मला दर्जापेक्षा इशारा हा रकाना हवा, आणि तो दर्जाच्या आधी हवा.

चांगली फीत आणि सुरक्षित फीत यांचा संबंध नाही. तुमच्या पाच ताऱ्यांच्या फितींमध्येच सगळ्यात जास्त धोका असेल, कारण त्या बघून पोरांना स्फुरण चढतं. गुहेत प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र प्रकाशसाधनं लागतात, एक डोक्यावर आणि दोन जवळ. सिनेमॅटिक फितींत एकच मशाल घेऊन माणूस आत जातो. डोक्यावर हेल्मेट नाही, बाहेर कोणाला सांगितलेलं नाही, एकटाच. जुन्या फितींत कार्बाइडचे दिवे दिसतात, प्रकाश फार सुंदर असतो, पण वापरलेलं कार्बाइड तिथंच गुहेत ओतून देतात. ती चुन्याची लगदी आतल्या जिवांना मारते. बेसाल्टच्या कपारीत वटवाघळांच्या कोरड्या विष्ठेची धूळ उडवत माणसं सरपटतात, तिच्यातून फुप्फुसाला बुरशीची बाधा होऊ शकते.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. २३ जूनला आत गेले, शेवटचे १० जुलैला बाहेर आले, आणि वाचवायला गेलेला माजी नौसैनिक समन कुनान प्राणवायूची टाकी पोचवून परतताना गेला. त्यावरचं काहीही मुलांना दाखवलं की पहिला प्रश्न असतो, पाणी आलं कुठून? बाहेर पडलेल्या पावसाचं. आपल्याकडं जूनमध्ये लेण्यांचे धबधबे बघायला गर्दी होते, हे त्या पोरांना सांगायची याहून चांगली वेळ नाही. किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ पाणी उपसायला मदत करायला गेले होते, हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

म्हणून इशारा असा: काय चुकीचं दाखवलंय, कितव्या मिनिटाला. ‘धोकादायक’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही. ‘मिनिट १४: एकटा उतरतो, हेल्मेट नाही’ असं लिहिलं की दाखवणारा तिथं थांबवून बोलू शकतो.

धुळेकर_काका

चढउतार भाऊ, मिनिटाची सूचना फार उपयोगाची. मी एवढी वर्षं सूची केली, हे मला सुचलं नव्हतं.

भूगोलाबद्दल एक राहिलं. पाठ्यपुस्तकातले ‘अधोमुखी लवणस्तंभ’ आणि ‘ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ’ हे शब्द वहीत विषय म्हणून ठेवा, शिक्षक त्याच शब्दांनी शोधतील. पण शेजारी लिहा की हे मीठ नव्हे, चुन्याचा कार्बोनेट आहे. लवण म्हणजे मीठ असं समजून मुलं घरी जातात. आणि आपल्या काळ्या दगडात असे खांब का नाहीत हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला तर त्या दिवसाचं सार्थक झालं. बेसाल्ट लाव्ह्याचा, चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही.

पायथा

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. मागच्या वर्षी साक्रीकडच्या एका गावात मामाच्या ओट्यावर आम्ही किल्ल्यांच्या स्लाइड लावल्या होत्या. एकही धड नव्हती, सगळ्या लालसर झालेल्या. एक म्हातारे बाबा एकदम उठले, म्हणाले, “हाई ते आम्हनं भामेर शे!” मग सगळा ओटा बोलायला लागला. कोण कुठल्या गुहेत गुरं बांधायचं, कोणाची म्हैस कुठं पडली. ताऱ्यांच्या हिशेबानं त्या पेटीला शून्य मिळालं असतं.

पण मला निवडायला मदत हवीच आहे. मग असं करा, तारे नकोत, पण दाखवणाऱ्यानं परत करताना एक ओळ लिहायचीच. कोणाला दाखवलं, काय झालं. त्या ओळी वाचून मी निवडीन. एका नगाला पाच-सहा ओळी, फार नाही.

सातपुड्याची_शाळा

+१. आणि ओळ लिहिल्याशिवाय पुढचा नग द्यायचा नाही!

भुसावळ_जंक्शन

स्लाइड लालसर झाल्या म्हणजे जुनी एक्टाक्रोम फिल्म असावी, ती अंधारात ठेवली तरी रंग सोडते. कोडाक्रोम अंधारात टिकते, पण प्रोजेक्टरच्या दिव्यात लवकर फिकी पडते. म्हणून प्रत्येक पेटीवर फिल्मचं नाव लिहा. कोडाक्रोम असेल तर मूळ पेटी गावोगाव पाठवायची नाही, उतरवलेली प्रत पाठवायची. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती पेटी वेगळ्या खोलीत.

प्रतींबद्दल एक सांगतो. आमच्या भुसावळच्या जुन्या दफनभूमीत रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करातला चित्रकार पुरलेला आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात त्याची वर्षानुवर्षं गेली. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सनं तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळं काम केलं, त्यातलीही बरीच चित्रं १८८५ च्या आगीत जळाली. दोन्ही वेळा सगळं एका छपराखाली ठेवलेलं. मी लहानपणी त्या कबरीपाशी जायचो, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आता प्रत उतरवली की एक जळगावला, एक धुळ्याला, असा आग्रह धरतो.

वाघूरकाठ

आठवडाभर बसले. अठ्ठावीस नग बघून झाले. कॅसेटही आली, आवाज स्पष्ट आहे, मी दोनदा ऐकली. निवेदन करणाऱ्या बाई अहिराणी हेल काढत मराठी बोलतात, आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाडांना १८६५ मध्ये पाटण्याचा शिलालेख सापडला, भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला होता, हे अशा आपुलकीनं सांगतात की जणू शेजारच्या आळीतली गोष्ट.

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या नऊ फिती मी वेगळ्या काढल्या. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क ६० वर्षांचा आहे, त्या आपण उसन्या द्यायच्या नाहीत.

दोन नोंदी लिहून दाखवते, चुका काढा.

*दाखल ४१. पडद्यावरचं नाव नाही, पेटीवर ‘पाटणे’. ८० स्लाइड, कॅसेटसह (दोन पट्ट्या, एक संकेताची). विषय: लेणी (नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी), देऊळ, शिलालेख, बेसाल्टचे थर. नैसर्गिक गुहा नाही. निवेदन मराठी. आवाज बंद करून चालतं: हो, उत्तम. स्थिती: चित्र ४, आवाज ४. इशारा: स्लाइड ५२, लेण्यात शेकोटी पेटवलेली दिसते. दाखवलं: शहादा तालुका, निवासी शाळा, सहावी-सातवी, दोन तास, मुलं स्वतःच्या डोंगराबद्दल बोलली.*

*दाखल १७. मेघालयातील चुनखडीच्या गुहा. व्हीएचएस, पाल, ५२ मिनिटं. निवेदन इंग्रजी. आवाज बंद करून चालतं: मिनिट ८ ते २३ चालतं, बाकी नाही. स्थिती: चित्र ५, आवाज ४. आकडे जुने. भर: मॉम्लूह गुहेतल्या स्तंभावरून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ नाव मिळालं, ते फितीत नाही, चिठ्ठी डबीत. इशारा: मिनिट ३१, वापरलेलं कार्बाइड आत ओततात. दाखवलं: शहादा तालुका, तीच शाळा, तासिकेत बसत नाही, दहा मिनिटांनंतर मुलं थकली.*

चढउतार

शेकोटी पकडलीत, शाब्बास. शहाद्याच्या ओळीत वर्षही घाला.

पंखांची_सावली

४१ मध्ये छताला वटवाघळं दिसतात का? असतील तर किती, ते मला हवंय. जुन्या स्लाइडमधून तेव्हा तिथं काय होतं ते कळतं, आणि तशी नोंद दुसरीकडे कुठंच नाही.

वाघूरकाठ

स्लाइड १९ आणि २०. भिंग लावून मोजून कळवते.

धुळेकर_काका

नोंदी छान. जुन्या वहीतले लाल तारे खोडू नका. एका रेघेनं काट मारा, खालचं दिसू द्या, बाजूला तुमची सही आणि तारीख. ‘पाटणे’ला तो एक तारा कोणी दिला ते कधीतरी कोणाला शोधावंसं वाटेल.

सातपुड्याची_शाळा

ताई, ४१ पुन्हा हवी, आता कॅसेटसकट. आठवीला अजून दाखवली नाही. सोमवारच्या सकाळच्या शहादा गाडीत कंडक्टरकडे देता का? मी स्टँडवर उभा असेन.

वाघूरकाठ

देते. उतरवलेली प्रत देईन, पेनड्राइव्हवर. मूळ पेटी कोडाक्रोम निघाली.